सागवान की व्हिनाइल : आधी कूलरचा विचार करावा

पश्चिमेकडे खिडकी असलेल्या झोपण्याच्या खोलीत सागवानी फ्लोअरिंग करावे की व्हिनाइल प्लँक (लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या), या आपल्या प्रश्नावर किमतीची चर्चा पुरेशी झाली आहे. मला कूलरबद्दल सांगावेसे वाटते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते, आणि त्याच वेळी खोलीत कूलर दिवसरात्र ओलसर हवा सोडत असतो. लाकूड ही ओल शोषून रुंदीत फुगते आणि कोरडे पडले की आकसते. आमच्या धरमपेठेतील घरी कूलरसमोरच्या चार पट्ट्या कडांनी अशा उचलल्या गेल्या, की अनवाणी पायाला ती धार आजही जाणवते. व्हिनाइलला ओलीचे भय नाही, मात्र दुपारचे ऊन थेट पडत असेल तर तेही प्रसरण पावते, म्हणून भिंतीलगत स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीखाली) मोकळी फट सोडून घ्यावीच. सागवान घासून पुन्हा पॉलिश करता येते, हे त्याचे मोठे बळ; व्हिनाइलचा वरचा थर झिजला की पट्टी बदलण्यावाचून गत्यंतर नसते. खोलीत एसी असेल तर सागवान जरूर घ्यावे. कूलर असेल तर व्हिनाइलच, आणि खिडकीला जाड पडदा.