मदत हवी आहे: 'गुन्हेगारी' म्हणजे दंड, हा अर्थ कधीपर्यंत होता?

घरच्या पेशवाईतल्या मोडी निवाडपत्राचं लिप्यंतर करतोय. वाद वतनाचा आहे, चोरी-मारामारीचा नाही. तरी जिंकलेल्याकडून 'हरकी' (जिंकल्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम) आणि हरलेल्याकडून 'गुन्हेगारी' घेतल्याचं लिहिलंय. कडेला कसर लागलीय, पण 'गुन्हेगारी रुपये 25' स्वच्छ वाचता येतं. म्हणजे इथे तो दंडच.

फारसी 'गुनाह' म्हणजे पाप, दोष, हे माहीत आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश पाहून झाला. संस्कृत 'अपराध' वेगळ्या मुळाचा, त्यामुळे तिकडे जायला नको.

मला एवढंच हवंय: हा दंड खोटा दावा केल्याबद्दल असे, की नुसतं हरलं तरी भरावा लागे? आणि 'गुन्हेगारी' दंडाऐवजी गुन्ह्यांच्या प्रमाणासाठी वापरल्याचं सर्वांत जुनं छापील उदाहरण कुणाला सापडलंय का?