रे: पातळ कवचाची अंडी, आणि रात्री खुराड्यात न शिरणाऱ्या कोंबड्या

प्रेषक: रेवती, लेस्टर

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा विषय घुसवतेय, कृपया सांभाळून घ्या. आमच्या मागच्या अंगणात चार कोंबड्या आहेत, ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्टकडून (फार्मवरून काढलेल्या कोंबड्यांना घरं मिळवून देणारी संस्था) घेतलेल्या. अलीकडे अंड्याचं कवच इतकं पातळ झालंय की उचलतानाच बोट आत जातं. कधीकधी तर कवच नसलेलं, नुसत्या पापुद्र्यातलं लिबलिबीत अंडं सापडतं. खायला लेयर पेलेट (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) देतो, वर संध्याकाळी उरलेला भात, पोळीचे तुकडे आणि अंड्यांचीच टरफलं कुटून. शेजारीण म्हणते कॅल्शियम कमी पडतंय, म्हणून पाण्यात घालायचं कॅल्शियम मागवलंय.

दुसरं म्हणजे, अंधार पडला तरी कोंबड्या आत जात नाहीत, खुराड्याच्या छपरावर बसून राहतात. काही अंड्यांवर बारीक लाल ठिपके दिसतात. आमच्याकडे म्हणणं असं की उकाड्यामुळे होत असेल. कुणाला अनुभव आहे का?

रेवती

---

प्रेषक: श्रीकांत, रेडिंग

रेवतीताई,

आधी खुलासा. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, पण इथे माझ्याकडे प्रॅक्टिसचा परवाना नाही. तेव्हा हा शेजाऱ्याचा सल्ला समजा.

तुम्ही दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्यात. मला वाटतं दुसरी जास्त तातडीची आहे. आज अंधार पडल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन खुराड्यात जा. बसायच्या दांडीची खालची बाजू आणि दांडी जिथे खाचेत बसते ती टोकं बघा. पांढरा टिश्यू दांडीखालून दाबून ओढा. त्यावर लाल रेघ उठली तर ते रेड माइट, म्हणजे कोंबडीचं रक्त पिणारे बारीक किडे. दिवसा त्याच जागी राखेसारखी करडी पूड दिसते, ती त्यांची विष्ठा आणि कात. अंड्यांवरचे ठिपकेही बहुधा चिरडलेल्या माइटचे किंवा त्यांच्या विष्ठेचे असतील. हा किडा एक मिलिमीटरपेक्षा लहान. दिवसभर लाकडाच्या भेगेत राहतो, रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि परत भेगेत जातो. कोंबडी उगाच बाहेर बसत नाही, तिला आत काय आहे ते माहीत आहे. तुरा फिका पडलाय का तेही बघा. फार वाढले तर कोंबडी रक्तक्षयाने मरते.

आता कवच. अंडं तयार व्हायला चोवीस तासांच्या वर लागतात आणि त्यातले सुमारे वीस तास कवच चढण्यात जातात, त्यातला मोठा भाग रात्री. एका कवचाला साधारण २ ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं. कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात मिळून असतं जेमतेम २० ग्रॅम. रात्री पोटात चारा नसला की ती हाडांतलं कॅल्शियम काढून कवचाला लावते. म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवावा. जाड कण गिझर्डमध्ये (चारा दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत) रेंगाळतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळतात. पाण्यातल्या कॅल्शियमला ते जमत नाही. ग्रिट म्हणून जे दगडी खडे मिळतात ते दळायच्या कामाचे, त्यांतून कॅल्शियम मिळत नाही.

आणि भात बंद करा. कोंबडी दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास खाते. पेलेटमध्ये साडेतीन टक्के कॅल्शियम धरलं तर सव्वाचार ग्रॅम झाले, त्यातलं जवळपास निम्मंच अंगी लागतं. म्हणजे पुरवठा मुळात काठावरचा. त्यात ३० ग्रॅम भाताने पोट भरलं की कॅल्शियमचा पाव हिस्सा गेलाच.

शिवाय या देशात ते बेकायदा आहे. घरच्या स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्यांना घालता येत नाही, पाळलेल्या चारच असल्या तरी. टरफलंसुद्धा त्यात आली. सवलत फक्त पूर्ण व्हीगन घराला. शुद्ध शाकाहारी चालत नाही, कारण दूध-तूप आलं. मंडळात तसं घर मला तरी माहीत नाही. वाफ्यातली पालेभाजी स्वयंपाकघरात न नेता थेट टाकली तर हरकत नाही.

ट्रस्टच्या कोंबड्या फार्मवरून निघतात तेव्हा साधारण ७२ आठवड्यांच्या असतात. वय वाढतं तसं अंडं मोठं होतं, पण कवचाचा माल तेवढाच राहतो, तो पातळ पसरतो. याला औषध नाही. उकाड्याचं तुमच्याकडचं म्हणणंही खोटं नाही. कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बिघडतं. सावली आणि गार पाणी द्या. मात्र कवचावर सुरकुत्या असतील आणि आतला पांढरा भाग पाण्यासारखा पसरत असेल, तर ब्राँकायटिसची, म्हणजे कोंबड्यांच्या एका संसर्गजन्य आजाराची, शंका येते. मग डॉक्टरच गाठा.

श्रीकांत

---

प्रेषक: अनघा, मिल्टन कीन्स

औषधं कशाला? कडुनिंबाचं तेल चोळा, हळद घाला. गावी आजी राख टाकायची, झालं. आमच्या न्यू जर्सीच्या वहिनीने कोंबडीच्या मागच्या पिसांत पावडर लावली आणि सगळे किडे गेले.

---

प्रेषक: रेवती, लेस्टर

श्रीकांतकाका, टिश्यू लालच लाल झाला. दांडीच्या खाचेत तर थर साचलाय. माझ्या मनगटापर्यंत चढले, रात्रभर खाजवत बसले. खुराडं लाकडी आहे, वर फेल्टचं (डांबरी कापडाचं) छप्पर. दोन आठवडे रिकामं ठेवलं तर उपाशी मरतील ना? आणि मांजराच्या पिसवा मारायचं ड्रॉप घरात आहे, ते मानेवर टाकू का?

---

प्रेषक: श्रीकांत, रेडिंग

ड्रॉप अजिबात नको. त्यांपैकी बऱ्याच ड्रॉपमध्ये फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये हेच रसायन रेड माइटसाठी फार्मवर वापरलं गेलं, ते अंड्यांत उतरलं आणि युरोपभर लाखो अंडी दुकानांतून काढावी लागली. आपण ही अंडी मुलांना देतो.

रिकामं ठेवूनही भागणार नाही. हा किडा रक्ताशिवाय आठ महिने तग धरतो. उलट उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला आठवडा पुरतो. म्हणून एकदा धुऊन समाधान मानू नका. दांड्या आणि अंडी घालायच्या पेट्या सुट्या करा, भुसा पिशवीत बांधून टाकून द्या, भेगा स्टीमरने वाफवा आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा तेच. माइटची नवी पिल्लं निघणं थांबेपर्यंत चालू ठेवा. फेल्ट मात्र फाडूनच टाका. फेल्ट आणि फळी यांच्या मध्ये त्यांची वस्ती असते आणि तिथे काहीच पोचत नाही. त्याऐवजी नालीदार पत्रा बसवा. खुराडं वाळल्यावर खाचांत डायटोमेशियस अर्थ (किडे मारणारी बारीक मातीसारखी पूड) टाका, तोंडाला मास्क लावून. ओल लागली की ती पूड निकामी होते आणि आपल्याकडच्या हवेत ओल लागतेच.

अनघाताई, दांडीच्या टोकांना तेल चोळायला माझी हरकत नाही, किडा त्यात गुदमरतो. राखेत कोंबड्यांना लोळू द्या, त्यांना ते आवडतं. पण वहिनींचा किडा बहुतेक वेगळा. तिकडे मुख्यतः नॉर्दर्न फाउल माइट, तो कोंबडीच्या अंगावरच राहतो म्हणून पिसांत पावडर चालते. इकडचा भेगेत राहतो, दिवसा कोंबडीवर शोधला तर सापडतच नाही. इंटरनेटवरचा अर्धा सल्ला तिकडचा असतो. हळद मात्र भाजीतच राहू दे.

एवढ्यानेही आटोक्यात आलं नाही तर डॉक्टरकडे फ्लुरालेनर या औषधाबद्दल विचारा. पाण्यातून देतात, सात दिवसांच्या अंतराने दोनदा. रक्त पिणारा माइट मरतो आणि अंडी खाणं थांबवावं लागत नाही. चार कोंबड्यांना मिळून एका वेळी अर्धा मिलिलिटरही लागत नाही, म्हणून मोजमाप त्यांच्याकडूनच करून घ्या.

एक राहिलं. ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंदवावी लागते. बर्ड फ्लूमुळे. केली नसेल तर करून टाका, फुकट आहे.

स्टीमर माझ्याकडे आहे, शनिवारी नाटकाला येताना गाडीत टाकतो. परत देताना उकळत्या पाण्याने धुऊन, पिशवीचं तोंड बांधून द्या. माझंही खुराडं लाकडीच आहे.

श्रीकांत