जपानी राक्षसपट पाहायला सुरुवात कोठून करावी?

सुरंगीचा वळेसर

नमस्कार. मी रत्नागिरीपासून तासाभराच्या अंतरावर, खाडीकाठच्या एका गावात राहते. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून भाचा आला होता. त्याने एका संध्याकाळी २०२३ साली आलेला ‘गॉडझिला मायनस वन’ हा जपानी चित्रपट लावला आणि मी सोलायला घेतलेला फणस तसाच ठेवून तो शेवटपर्यंत पाहिला. तोपर्यंत गॉडझिला म्हणजे टीव्हीवर हिंदीत डब होऊन लागणारा, इमारती पाडणारा हॉलिवूडचा अवाढव्य सरडा, एवढीच माझी समजूत होती. या चित्रपटात मात्र माझे लक्ष त्या प्राण्यापेक्षा युद्धातून जिवंत परतल्याबद्दल स्वतःला क्षमा करू न शकणाऱ्या वैमानिकाकडेच अधिक राहिले, आणि चार माणसे एका लाकडी बोटीतून समुद्रातले सुरुंग काढायला जातात त्या प्रसंगात तर मला आमच्या जेटीवरचे खलाशीच दिसू लागले.

आता मागचे चित्रपटही पाहावेत असे वाटते, परंतु भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे एकट्या गॉडझिलाचेच तीसच्या आसपास जपानी चित्रपट आहेत, आणि इतर प्राण्यांचे वेगळे. ते क्रमाने पाहावे लागतात का? जुन्या चित्रपटांत माणूस रबरी पोशाख घालून वावरतो हे खरे असेल, तर ते आज पाहताना हसू येणार नाही का? माझी सात वर्षांची मुलगी शेजारी बसल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा तिच्यासोबत काय पाहावे आणि काय टाळावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

हर्णैचा तांडेल

ताई, सुरुवात १९५४ च्या पहिल्या चित्रपटापासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे मूळ जपानी नाव ‘गोजिरा’; गोरिला आणि देवमाशाला असलेला जपानी शब्द ‘कुजिरा’ या दोहोंची ती सांगड आहे. या सर्व प्रकाराला जपानीत ‘काइजू’ म्हणतात, म्हणजे विलक्षण, अनाकलनीय श्वापद. ‘राक्षसपट’ हा आपल्या सोयीचा शब्द झाला, परंतु आपल्या राक्षसाला हेतू असतो, वैर असते, वर मागण्याइतकी बुद्धी असते. काइजूला तसे काही असेलच असे नाही. तो वादळासारखा येतो.

हा चित्रपट कोठून आला ते आधी सांगतो, कारण ते आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाला लवकर कळेल. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्या वेळी ‘दाइगो फुकुर्यू मारू’, म्हणजे ‘पाचवा भाग्यशाली ड्रॅगन’, नावाची याइझू बंदराची मासेमारी बोट २३ जणांसह ट्यूनाच्या, म्हणजे आपल्या कुप्याच्या, मासेमारीवर होती. धोक्याचे म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राच्या ती बाहेर होती. तरीही प्रवाळाची पांढरी राख तिच्यावर कित्येक तास पडत राहिली, आणि ती कशाची हे न कळल्याने खलाशांनी तसेच गळांचे लांब दोर ओढले. सगळे आजारी पडले, बिनतारी यंत्रावर काम करणारे कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले, जपानभर लोकांनी ट्यूना खाणे टाकले आणि बाजारात आलेली मासळी पुरावी लागली. त्यानंतर सहा आठवडेही होण्याआधी, ३ नोव्हेंबरला, ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला, आणि त्याची सुरुवात अशी होते: समुद्र शांत आहे, डेकवर खलाशी गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवीत बसले आहेत, पाण्यात डोळे दिपवणारा प्रकाश होतो आणि जहाज पेट घेते. त्या प्रेक्षकाला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

पुढचा प्रसंग जहाज कंपनीच्या कचेरीतला आहे. बातमी मिळावी म्हणून खलाशांच्या घरची माणसे तेथे गर्दी करतात आणि आतल्या माणसालाही काही ठाऊक नसते. वादळात बोट परतली नाही की आपल्या बंदरावर बायका जशा उभ्या राहतात, अगदी तशीच ती गर्दी आहे, आणि मी तो प्रसंग आजवर नीट सलग पाहू शकलेलो नाही. मग ओदो नावाचे एक काल्पनिक बेट येते. जाळ्यात मासळी येईनाशी झालेली असते आणि एक म्हातारा कोळी सांगतो की हे गोजिराचे काम. पूर्वी त्याला शांत करण्यासाठी मुली समुद्राला अर्पण करीत, आता केवळ मुखवटे घालून रात्री नाच करण्याची चाल उरली आहे. शिमग्यात ज्याने संकासुर पाहिला आहे, त्याला ही दोन मिनिटे परकी वाटणार नाहीत.

दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैनिक होते आणि युद्धानंतर मायदेशी परतताना त्यांनी हिरोशिमाची राखरांगोळी पाहिली होती. म्हणून या चित्रपटात शहर पडून संपत नाही. त्यानंतर इस्पितळ येते. जमिनीवर माणसे ओळीने निजवलेली असतात, एका लहान मुलासमोर किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र धरले जाते आणि ते धरणारा माणूस काही न बोलता मान हलवतो. सात वर्षांच्या मुलीला हा चित्रपट दाखवू नका, तिला निजवून पाहा.

एक सावधगिरी. वीसेक वर्षांपूर्वी मी एका दुकानातून याची सीडी आणली आणि तिच्यात एक अमेरिकन बातमीदारच सगळी कथा सांगू लागला. ती १९५६ ची अमेरिकी आवृत्ती होती: रेमंड बर या नटाचे प्रसंग वेगळे चित्रित करून मध्ये घातलेले आणि मूळ चित्रपट बराच कापलेला. कित्येक वर्षे मी तोच मूळ समजत होतो. मूळ चित्रपट ९६ मिनिटांचा आहे, आवृत्ती घेताना तेवढे पाहून घ्या.

कॅमेरा आणि काजू

तांडेलकाकांनी आशय सांगितला आहेच, मी रबरी पोशाखाच्या शंकेबद्दल लिहितो, कारण हसू येईल की नाही ते पुष्कळसे तेथेच ठरते.

विशेष दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांना १९३३ च्या ‘किंग काँग’प्रमाणे बाहुली कणाकणाने हलवून चित्रीकरण करायचे होते, परंतु त्या पद्धतीने काम पुरे व्हायला सात वर्षे लागतील असे त्यांनी सांगितले, आणि हाती तर काही महिनेच होते. म्हणून हारुओ नाकाजिमा या नटाला सुमारे शंभर किलोच्या पोशाखात उभे केले आणि त्याच्याभोवती १/२५ प्रमाणात टोकियो बांधले. उकळत्या दिव्यांखाली, आतून जवळजवळ काही न दिसता, नाकाजिमा चालत. त्या आधी ते उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वले पाऊल कसे टाकतात ते पाहत बसले होते. १९७२ पर्यंत ते हीच भूमिका करीत राहिले.

आता खरी मेख वेगाची आहे. गोजिराची उंची ५० मीटर धरली होती, म्हणजे दोन-अडीच माड एकावर एक. तेवढ्या उंचीवरून दगड पडायला ३.२ सेकंद लागतात. १/२५ च्या नमुन्यात तीच उंची २ मीटर होते आणि तेथून दगड ०.६४ सेकंदात, म्हणजे पाचपट लवकर, खाली येतो. त्यामुळे नेहमीच्या वेगाने चित्रित केले तर इमारत खेळण्यासारखी टपकन पडते. उपाय असा, की कॅमेरा जलद चालवून दृश्य टिपायचे आणि ते नेहमीच्या वेगाने दाखवायचे, म्हणजे सगळे सावकाश आणि जड भासते.

मी हे अंगणात करून पाहिले. पुठ्ठ्याचे घर केले, त्यात चुना आणि जांभ्याची भुकटी भरली, मुलाला लाथ मारायला सांगितले आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये ते टिपले. धुरळा असा उठला की सासूबाईंनी विचारले, कोणाचे घर पाडताहेत? दुसऱ्या दिवशी परातीत पाणी घेऊन लाट केली आणि तेथे मात्र फसलो, कारण लाट लहान करता आली तरी पाण्याचा थेंब लहान होत नाही आणि पडद्यावर तो नारळाएवढा दिसतो. जुन्या राक्षसपटांतील समुद्राचे प्रसंग पाहताना थेंबांकडे लक्ष ठेवा, तेथेच सोंग उघडे पडते.

आणि आवाज कानात साठवून घ्या. ती डरकाळी कोणत्याही जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेने कॉन्ट्राबास या थोरल्या तंतुवाद्याच्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून ती निर्माण केली आहे.

वेंगुर्लेकरीण

तांडेलकाकांचा आदर राखून थोडी असहमत आहे. १९५४ चा चित्रपट थोर आहे, पण ताईंच्या शेजारी सात वर्षांची मुलगी बसणार आहे हे विसरून कसे चालेल? तिच्यासोबत १९६१ चा ‘मोथरा’ पाहावा. दिग्दर्शक होंडाच. इन्फंट बेटावरच्या वीतभर उंचीच्या दोन जुळ्या स्त्रियांना एक नफेखोर पळवून आणतो आणि रंगमंचावर गायला लावतो. त्यांच्या गाण्याची हाक ऐकून महाकाय सुरवंट समुद्र पोहत टोकियोला येतो, टोकियो टॉवरला कोश विणतो आणि त्यातून पतंग बाहेर पडतो. शहराची नासधूस होते खरी, पण लहान मुलेसुद्धा मोथराच्याच बाजूने उभी राहतात. त्या दोघी ‘द पीनट्स’ या नावाने गाणाऱ्या खऱ्या जुळ्या बहिणी होत्या, आणि तो सुरवंट आत कित्येक माणसे एकामागोमाग शिरून चालवीत, हे मुलीला नंतर सांगा. माझा नातू दोन दिवस चादर पांघरून घरभर सरपटत होता.

रबराला हसू येण्याबद्दल म्हणाल, तर आपण दशावतार पाहत वाढलेली माणसे आहोत. एक लाकडी बाक ठेवले की ते सिंहासन होते, पहाटे तीन वाजता मिशा लावलेला राजा त्यावर बसतो आणि कोणीही उठून विचारत नाही की हे तर बाक आहे. जपानी प्रेक्षकाचा त्या पोशाखाशी असाच करार आहे. पहिली दहा मिनिटे हसू आले तर येऊ द्यावे.

क्रमाची चिंता करू नका. १९७५ पर्यंतचे चित्रपट एकमेकांना सैलसर धरून आहेत. १९८४ च्या चित्रपटाने मधले सगळे पुसून थेट १९५४ शी नाते जोडले, आणि १९९९ नंतरच्या बहुतेकांनी पुन्हा तेच केले. २०१६ चा ‘शिन गोजिरा’ आणि तुम्ही पाहिलेला ‘मायनस वन’ यांनी तर १९५४ चेही पुसून कोऱ्या पाटीवर सुरुवात केली.

‘शिन गोजिरा’ मात्र आवर्जून पाहा. २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना यांनंतरचा तो चित्रपट आहे आणि त्यातला अर्धा वेळ बैठकांत जातो. प्राणी नदीतून शहरात शिरत असतो आणि अधिकारी एका सभागृहातून दुसऱ्यात जाऊन बसतात, कारण पहिल्या बैठकीला तो निर्णय घेण्याचा अधिकार नसतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर पंचनाम्याची वाट पाहत ज्याने उडालेल्या कौलांखाली दिवस काढले आहेत, त्याला हा चित्रपट विनोदी वाटेल की भयपट, हे मी सांगू शकत नाही.

१९७१ चा ‘गॉडझिला विरुद्ध हेदोरा’ हा माझा लाडका, जरी तो धड नाही. हेदोरा हा कारखान्यांच्या मळीवर आणि धुरावर पोसला जाणारा चिखलाचा गोळा आहे. त्या काळी सुरुगा उपसागराकाठी तागोनोउरा बंदरात कारखान्यांचा गाळ साचून पाणी काळे झाले होते, तेथून ही कल्पना उचलली आहे. खाडीत मेलेली मासळी तरंगताना पाहिलेल्यांना तो कळेल. मध्येच गॉडझिला तोंडातून ज्वाला सोडत उलटा उडतो, तो भाग मी पदर तोंडाशी धरून पाहते. यात माणसे सांगाडे होऊन पडतात, तेव्हा मुलीला नको.

हर्णैचा तांडेल

वेंगुर्लेकरीणबाई, ‘मोथरा’चे मान्य, मुलीचा विचार मी एका वाक्यात उरकला होता. एक भर घालतो. गॉडझिला तोहो कंपनीचा, तर दाइएइ कंपनीने १९६५ मध्ये ‘गामेरा’ नावाचे उडणारे कासव काढले. जुने गामेरापट मुलांसाठीच आहेत आणि मोठ्यांना सोसवत नाहीत. परंतु १९९५, १९९६ आणि १९९९ मध्ये शुसुके कानेको यांनी केलेले तीन चित्रपट या प्रकारातील उत्तमांत मोडतात, आणि ते मात्र क्रमानेच पाहावेत. तिसऱ्यात एक मुलगी गामेराचा द्वेष करते, कारण पहिल्या चित्रपटात तो शहराला वाचवत असताना त्याच्याच झुंजीत तिचे आईवडील दगावलेले असतात. वाचवणाऱ्याच्या पायाखाली कोण सापडले, हे विचारणारा दुसरा राक्षसपट मला चटकन आठवत नाही.

सुरंगीचा वळेसर

सर्वांचे मनापासून आभार. काल मुलीसोबत ‘मोथरा’ पाहिला. कोश विणून होताच वीज गेली आणि पतंग बाहेर कसा येतो ते मलाच मेणबत्तीच्या उजेडात, दोन्ही हात पसरून भिंतीवर सावली पाडत दाखवावे लागले. तिला ते इतके आवडले, की आज वीज असूनही तिने उरलेला चित्रपट बघायला नकार दिला आहे. ‘गोजिरा’ शनिवारी, ती निजल्यावर. भाच्याने पाठवलेली प्रत ८० मिनिटांची आहे, म्हणजे ती अमेरिकीच म्हणायची का?

हर्णैचा तांडेल

होय, तीच. ती ठेवून द्या आणि ९६ मिनिटांची मागवा.