बोफोर्सच्या बातमीमुळे तोफा आल्या नाहीत? दोष कुणाच्या माथी मारताय?

मृण्मयी (धागाकर्ती)

काल इथे एकाने लिहिलं, "संरक्षण खात्यात उकरत बसणारे पत्रकार म्हणजे घरभेदी. बोफोर्सचा गवगवा केला नसता तर सैन्य तीस वर्षं नव्या तोफेवाचून राहिलं नसतं." त्याखाली वाहवांची रांग लागली. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी झालेला तोफांचा करार २४ मार्च १९८६ चा. ४१० तोफा, सुमारे १,४३७ कोटी रुपये. दलाल नको ही आपल्याच सरकारची अट. १६ एप्रिल १९८७ ला स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली. पुढे पत्रकार चित्रा सुब्रमण्यम यांनी जिनिव्हातून एकेक कागद मिळवला. ३५० हून अधिक कागदपत्रं त्यांच्या हाती देणारे स्टेन लिंडस्ट्रॉम हे स्वीडनमधल्या तपासाचे प्रमुख पोलिस अधिकारी होते, आणि त्यांचं नाव २०१२ पर्यंत बाहेर आलं नाही. पंचवीस वर्षं एका बाईने आपला शब्द पाळला! याला तुम्ही घरभेदीपणा म्हणता?

बातमी दलालीची होती. तोफा घेऊ नका असा तिचा अर्थ कुणी लावला, ते शोधा. पैसे खाणारे मोकळे राहिले आणि कंपनी काळ्या यादीत गेली. तो निर्णय दिल्लीतल्या टेबलांवर झाला, बातमीदाराच्या टेबलावर नाही.

द्रास९९

काल लिहिणारा मीच. माघार घेणार नाही.

माझे वडील तोफखान्यात होते. कारगिलला हीच तोफ होती. समोरच्या कड्यावरच्या बंकरवर थेट नेम धरून मारा करायचे. बारा-चौदा सेकंदांत तीन गोळे जायचे, आणि शत्रूने ठिकाण हेरायच्या आत तोफ स्वतःच्या इंजिनावर जागा सोडायची. बाबा सांगायचे, सुटा भाग मिळेना म्हणून एक तोफ उघडायची आणि तिच्या भागांवर दुसरी चालू ठेवायची. उघडलेल्या तोफेशेजारी ताडपत्रीवर मांडलेले भाग, आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. हे चित्र त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे उभा होतो असं वाटतं. सुटे भाग का नव्हते? कंपनीशी बोलायलाच अधिकारी घाबरत होते म्हणून. ती भीती कुणी घातली? रोजच्या मथळ्यांनी.

नवी १५५ मिमी तोफ आली २०१७ च्या मे महिन्यात, तीही अमेरिकेतून. मधल्या पिढीचे जवान तुमच्या 'सत्या'ची किंमत मोजत होते.

मृण्मयी

वडिलांना नमस्कार. पण त्याच करारात तोफ बनवण्याचं तंत्रज्ञानही आपल्याला मिळालं होतं. नकाशे, आराखडे आपल्याकडेच होते. त्यांवरून 'धनुष' तयार होऊन सैन्याकडे २०१९ मध्ये गेली. ते कागद इतकी वर्षं कपाटात ठेवायला कुठल्या वार्ताहराने सांगितलं होतं?

केदार_ज

काळी यादी हेच मूळ दुखणं आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेची डेनेल ही तोफा बनवणारी कंपनी त्या यादीत गेली. २०१२ मध्ये एका फटक्यात सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी, त्यात ऱ्हाइनमेटाल, इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीज, सिंगापूरची एसटी कायनेटिक्स. या तिघीही तोफा आणि दारूगोळ्याच्या धंद्यातल्या. चोर सापडला की बाजारच बंद करायचा! दंड वसूल करा, लाच घेणाऱ्याला आत टाका आणि माल घ्या. एवढं साधं धोरण आपल्याला जमलं नाही.

द्रास९९

मग बंदी नको होती हे मान्य करता ना? मी तेच म्हणतोय!

केदार_ज

नाही, तुम्ही बातमी नको होती म्हणताय. मी म्हणतोय बंदी नको होती. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अनुराधा

तुम्ही सगळे तोफांवर भांडताय. माणसांवर कुणी बोलेल का?

२००१ चं 'तहलका' या बातम्यांच्या संकेतस्थळाचं छुपं चित्रीकरण सगळ्यांना आठवतं. भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण नोटा घेताना दिसले, २०१२ मध्ये शिक्षा झाली, ते योग्यच. पण त्याच बातमीत एका मेजर जनरलने लाच मागितली असं सांगितलं गेलं. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बदनामी ठरवली आणि दोन कोटींची भरपाई द्यायला सांगितली. बावीस वर्षं! त्या माणसाने ती कशी काढली असतील?

माझे मामा रसद विभागात होते. एका खरेदीच्या बातमीत त्यांचं नाव आलं. चौकशीत निर्दोष ठरले. खुलासा आला आतल्या पानावर, दोन ओळींचा. मामांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं, घडीवर फाटलं तरी. कुणी विचारलं नाही तरी काढून दाखवायचे. म्हणून मला शोधपत्रकारितेच्या आरत्या ऐकवू नका.

मृण्मयी

अनुराधा, यावर माझ्याकडे उत्तर नाही. बोफोर्समध्येही अमिताभ बच्चन यांचं नाव असंच गोवलं गेलं, आणि त्यात तथ्य नव्हतं हे लिंडस्ट्रॉम यांनीच पुढे सांगितलं. नाव छापण्यापूर्वी दहादा तपासलंच पाहिजे.

सीमापार

तुमचं नावांचं चाललंय, माझा आक्षेप साठ्यांचा आहे. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा २०१७ चा अहवाल घ्या. दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारे नव्हते. हे टीव्हीवर ओरडून सांगायची गरज होती? शत्रूला हेर पाठवायलाच नको!

केदार_ज

तो अहवाल संसदेत मांडला होता साहेब, चोरलेला नव्हता. आणि न सांगितल्याने गोळे वाढतात का?

सीमापार

सांगितल्यानेही वाढत नाहीत. साठ्यांची भरती गुपचूप करता येते.

निवृत्त_तपासनीस

गुपचूप काय होतं ते मी पाहिलंय.

दारूगोळ्याच्या गुणवत्ता तपासणीत माझी सगळी नोकरी झाली. कारखान्याचं नाव घेत नाही. एकदा फ्यूजचा, म्हणजे गोळा फोडणाऱ्या भागाचा, एक लॉट चाचणीत नापास झाला. दोन नमुने वेळेआधी फुटले. नापास पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी खडूने फुली मारायचो, ही माझी जुनी सवय. पाच महिन्यांनी नवा लॉट म्हणून पेट्या आल्या. बाहेर नवा स्टेन्सिल, नवा क्रमांक, रंगही ओला वाटावा इतका ताजा. झाकण उघडलं तर आत माझीच फुली.

मी लेखी कळवलं. पंधरा दिवसांत बदली झाली. पुढे एका पत्रकाराने मला गाठलं, तीनदा घरी आला. शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा डोळ्यांसमोर नाचत होता, मुलीचं लग्न ठरलं होतं. मी दार उघडलं नाही. त्या पेट्या कुठल्या तोफेपाशी गेल्या असतील, हा विचार अजून रात्री येतो.

द्रास९९, तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे मी. वेळेआधी फुटणारा फ्यूज शत्रूला मारत नाही, तोफेपाशी उभ्या असलेल्या आपल्या पोरांना मारतो. त्या पत्रकाराला घरभेदी म्हणू नका.

द्रास९९

काका, घरभेदी हा शब्द मागे घेतो. तुमच्यासाठी घेतो, मृण्मयीताईंसाठी नाही. पण तीस वर्षांचा हिशेब मला अजून कुणी दिलेला नाही.

मृण्मयी

तो हिशेब खरेदीच्या फायलींत आहे. आणि त्या फायली उघडायला कुणीतरी पत्रकारच लागेल.

अनुराधा

उघडा. आणि नाव चुकलं तर खुलासाही पहिल्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत छापा. मग बोलू.