कॅनडाच्या उत्तरेत बुश पायलट (रस्ते नसलेल्या रानात छोटी विमानं उडवणारा): धक्क्यावरच्या पहिल्या उन्हाळ्याआधी काय शिकून जावं?

सांगलीकर_विनिपेग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विनिपेगला प्रशिक्षण संपवून कॅनडाचा कमर्शियल परवाना हातात आलाय. तास दोनशेच्या थोडे वर, फ्लोट रेटिंग (चाकांऐवजी फ्लोट म्हणजे तरंगते पोकळ नावांसारखे भाग लावलेलं, पाण्यावर उतरणारं विमान उडवायची परवानगी) अजून नाही. वायव्य ऑन्टारिओतल्या एका फ्लोट बेसवर मेअखेरीपासून धक्क्यावरचं काम मिळतंय. काम जमलं तर पुढच्या हंगामात बीव्हर या छोट्या विमानावर पायलट म्हणून बसवू, असं तोंडी आश्वासन आहे. घरचे विचारतात, एवढे पैसे घालून हमालीच करणार का?

तर या हमालीतून पायलट म्हणून नेमकं काय पदरात पडतं? फ्लोट रेटिंग कमीत कमी तासांत उरकावं की पन्नास तासांचा मोठा कोर्स करावा? आणि हिवाळ्यात तिथेच राहिलो तर स्की लावून बर्फावर उतरणाऱ्या विमानांच्या कामाला काय लागतं? व्हिसा-पीआरचे धागे इथे भरपूर आहेत, तो विषय नको.

पिंपवाला

हमाली आहेच, आणि पायलट झाल्यावरही ती सुटत नाही. माल चढवायचा, उतरवायचा, इंधन भरायचं, दोर बांधायचे, आणि मधल्या वेळात विमान उडवायचं, असं हे काम आहे.

दिवस सुरू होतो फ्लोट उपसण्यापासून. प्रत्येक फ्लोटमध्ये वेगवेगळे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याच्या नळीच्या तोंडावर रबरी चेंडूचं बूच असतं. चेंडू काढा, हातपंप लावा, पाणी संपेपर्यंत ओढा, चेंडू घट्ट बसवा. कुठल्या कप्प्यातून किती वेळा ओढल्यावर पाणी संपलं ते लक्षात ठेवायचं. काल चार वेळा ओढून संपलं आणि आज वीस वेळा ओढावं लागलं, तर रात्रीत कुठेतरी शिवण उघडली आहे किंवा खडकाला घासलं आहे. ही गोष्ट पायलटला लगेच सांगायची. उलट, विमान एका बाजूला झुकलेलं दिसतंय आणि पंपातून मात्र नुसती हवा येतेय, तर कप्पा कोरडा आहे असं समजू नका. आतली नळी सुटलेली किंवा चिरलेली असते, त्यामुळे पंप हवाच ओढतो. अशा वेळी वरचं झाकण उघडून डोळ्यांनी बघायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मागच्या कप्प्यात चाळीस-पन्नास लिटर राहिलं तर शेपूट जड होतं आणि विमान स्टेपवर चढायला (वेग घेऊन पाणी न कापता त्याच्या पृष्ठभागावरून सरकू लागायला) कुरकुरतं.

दुसरं काम इंधनाचं. बाहेरच्या तळांवर ते २०५ लिटरच्या पिंपांत असतं. पिंप आडवं ठेवायचं आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी आणायची, म्हणजे ती आतून इंधनात बुडलेली राहतात, वॉशर ओलं राहतं आणि हवा-पाणी आत शिरत नाही. उभं ठेवलं की झाकणाच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचतं. रात्री थंडीने आतली हवा आकसते आणि तेच पाणी बुचातून आत ओढलं जातं. वापरायच्या आधी पिंप उभं करून खाली लाकडाचा तुकडा सारायचा, तोंडाची बाजू उंच राहील असा. पाणी आणि गाळ खाली समोरच्या कडेला जमतो. मग थोडं थांबायचं. पंपाची नळी तळाला टेकवायची नाही, तळाचं चार बोटं इंधन सोडून द्यायचं. नरसाळ्याला फेल्टची गाळणी हवीच, आणि पिंप, पंप आणि विमान यांना जोडणारी बाँडिंगची तार (स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून) भरायच्या आधी लावायची. भरलेलं अ‍ॅव्हगॅसचं पिंप १६५ किलोच्या पुढे जातं, ते एकट्याने उचलायला जाऊ नका. फळी लावून लोळवत चढवतात.

आणि प्रॉपेलर. विमान धक्क्याला लागताना पंखाचा दोर किंवा शेपूट पकडायचं, पुढे जायचं नाही. इंजिन बंद दिसलं तरी फ्लोटवरून कायम मागच्या दिशेनेच उतरायचं आणि उतारूंनाही तसंच उतरवायचं.

सांगलीकर_विनिपेग

हे पुस्तकात कुठेच नव्हतं, धन्यवाद. वजनाचं गणित प्रत्यक्षात कसं करतात? बीव्हरमध्ये चार मासेमार आणि त्यांचं सामान बसतं असं जाहिरातीत असतं.

पिंपवाला

बसतं, पण काट्यावर बसवावं लागतं. फ्लोटवरच्या बीव्हरचं कमाल वजन ५,०९० पौंड. रिकामं वजन प्रत्येक विमानाचं वेगळं, समजा ३,३५० धरलं तर उरले १,७४०. पायलट १९०. पुढची आणि मधली टाकी मिळून ५८ इम्पीरियल गॅलन, म्हणजे साधारण ४२० पौंड. ऑइल ४५, जगण्याचं सामान ५०. राहिले १,०३५. चार माणसं दोनशे पौंडांची धरली तर सामानाला २३५, माणशी साठसुद्धा नाही. आता चोवीस कॅनचा बिअरचा खोका सुमारे २० पौंडांचा असतो, आणि मासेमार एका खोक्यावर भागवत नाहीत. वर प्रत्येक जण आपलं वजन दहा-पंधरा पौंड कमीच सांगतो. म्हणून धक्क्यावर काटा ठेवायचा आणि माणूस व बॅग दोन्ही त्यावर चढवायचे. जास्त झालं तर सामान दुसऱ्या फेरीला.

५८ गॅलनमध्ये किती जाता येतं? तासाला वीस गॅलनच्या आसपास जळतं. दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघत केलेल्या) उड्डाणाला अर्ध्या तासाचा साठा राखायचाच, म्हणजे हातात सव्वादोन तास धरा, जाऊन-येऊन.

वाऱ्याकडे_पाठ

वजनाइतकंच ते कुठे ठेवलंय हे महत्त्वाचं. सगळे जण घाईत सामान मागच्या कप्प्यात फेकतात. बीव्हरचा गुरुत्वमध्य मागे गेला की विमान हलक्या हाताने उडतं, छान वाटतं आणि स्टॉल (वेग कमी पडून पंखांची उचल अचानक संपणं) मात्र फारशी चाहूल न देता होतो. जड वस्तू पुढे, बांधून, आणि मागे झोपायच्या पिशव्या, गाद्या, ब्रेड. कॅनडाच्या ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने २०१७ मध्ये धंद्यातल्या सगळ्या बीव्हरवर स्टॉलची सूचना देणारं उपकरण सक्तीचं करा अशी शिफारस केली, ती उगाच नाही. ठरलेला प्रकार असा: उतारूंना मूस (तिथलं मोठं हरीण) दाखवायला खाली येऊन कमी वेगात घिरट्या, वारा पाठीमागून असल्याने जमिनीवरचा वेग जास्त भासतो, पायलट नकळत पॉवर कमी करतो किंवा नाक उचलतो. ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, आणि खाली सावरायला उंची नसते. मूस दाखवायचाच असेल तर उंचीवरून, सरळ जाताना.

रेटिंगबद्दल: नियमाने किमान ७ तास, त्यातले ५ प्रशिक्षकाबरोबर, शिवाय एकट्याने ५ टेकऑफ-लँडिंग. पण सात तासांत पाणी कळत नाही. पन्नास तासांचा कोर्स मागतात तो मुख्यतः विमा कंपन्यांमुळे. माझं मत, कोर्स जरूर करावा, पण निव्वळ तास भरणारा नको. वाऱ्यात धक्क्याला लावणं, अनोळखी तळ्यावर उतरणं, भरलेल्या वजनाने उडणं हे करवून घेणारा हवा.

शिकण्यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आरशासारखं पाणी. वारा नाही, तळं गुळगुळीत, नवख्याला वाटतं सोपं आहे. अशा पाण्याची उंची डोळ्याला कळतच नाही. कोणी तीस फुटांवरच फ्लेअर करून (टेकण्याआधी नाक उचलून) आपटतो, कोणी फ्लेअर न करताच नाकाने पाण्यात घुसतो. पद्धत अशी: किनाऱ्याला समांतर आणि जवळून या, म्हणजे झाडं-लव्हाळ्यांवरून उंचीचा अंदाज राहतो. शेवटचा भरवशाचा संदर्भ असतानाच नाक किंचित वर, पॉवर लावून मिनिटाला साधारण १५० फूट उतार ठरवा आणि मग काही करू नका. फ्लेअर नाही, खाली शोधायला बघणं नाही. फ्लोट पाण्याला लागले की पॉवर काढा. दीडशे फुटांपासून ही पद्धत धरली तर ताशी ७० मैलांनी एका मिनिटात ६,००० फुटांहून जास्त तळं मागे पडतं, म्हणून छोट्या तळ्यावर हे जमत नाही. तिथे संध्याकाळचा वारा पडायच्या आत पोचायचं, नाहीतर शेजारच्या मोठ्या तळ्यावर उतरायचं.

टेकऑफलाही तेच पाणी चिकटतं. स्वतःच एक चक्कर मारून लाटा करून घ्यायच्या, स्टेपवर आल्यावर एलरॉनने (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीने) एक फ्लोट आधी उचलायचा. वॉटर रडर (फ्लोटच्या मागची पाण्यातली सुकाणं) वर घेतलेत ना, हे दर वेळी बघायचं.

आणखी एक. बीव्हर जेवढ्या पाण्यात उतरतं, तेवढ्यात भरल्या वजनाने वर येत नाही. उतरायच्या आधीच बाहेर पडायचा हिशेब हवा: वारा कुठून, शेवटच्या झाडांची उंची किती, आणि तळ्याच्या कुठल्या खुणेपर्यंत स्टेपवर आलो नाही तर पॉवर काढायची. खूण आधी ठरलेली असली की ऐन वेळी मनाशी वाद होत नाही. गरम दिवशी अर्धा माल जवळच्या मोठ्या तळ्यावर नेऊन ठेवायचा आणि परत येऊन उरलेला उचलायचा. कंटाळवाणं आहे, पण सगळेच करतात.

लव्हाळी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त कोर्सच्या बाबतीत थोडं वेगळं. कर्ज काढून पन्नास तास घ्यायचे आणि उन्हाळा धक्क्यावर काढायचा, हा दुहेरी खर्च आहे. बेसशी आधी बोला. बरेच जण सात तासांचं रेटिंग असलेल्या आपल्याच माणसाला रिकाम्या फेऱ्यांत बाजूला बसवून तास देतात. मात्र हे आश्वासन तोंडी ठेवू नका. किती माणसं धक्क्यावर आहेत आणि गेल्या हंगामातल्या किती जणांना खरंच बसवलं, हे थेट विचारा.

पगार मैलावर आहे की महिन्यावर, हेही विचारा. मैलावर असेल तर धुक्यात किंवा वणव्याच्या धुरात न निघणं म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे देणं, आणि नवख्या माणसाचा निर्णय तिथेच वाकतो. फ्लोटप्लेनची एक सोय मात्र आहे: हवा बिघडली तर वाटेतल्या तळ्यावर उतरून थांबता येतं. त्यासाठी जगण्याचं सामान खरंखुरं लागतं, नियमापुरतं नव्हे. डासांची जाळी त्यात विसरू नका, जूनमधल्या काळ्या माश्यांपुढे अस्वलं बरी.

गोठणबिंदू

हिवाळ्याचं मी घेतो. आधी हे समजून घ्या की तळी गोठतानाचे आणि वितळतानाचे काही आठवडे ना फ्लोट चालतात ना स्की. तेव्हा पगार बंद किंवा कमी. पैसे बाजूला ठेवा.

बर्फाच्या जाडीसाठी जुनं सूत्र आहे: जाडी सेंटिमीटरमध्ये, तिचा वर्ग, गुणिले ४, एवढे किलो. २,३०० किलोच्या बीव्हरला २४ सेंटिमीटर. पण हे स्वच्छ निळ्या, अखंड बर्फासाठी. पांढऱ्या, हवा अडकलेल्या बर्फाची ताकद निम्मी धरा, आणि विमान तासन्‌तास उभं ठेवायचं तर आणखी जाडी हवी. ओढ्याच्या मुखाशी आणि दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या भागात वाहत्या पाण्याने बर्फ पातळ असतो, तिथे सूत्र विसरा.

जाड बर्फावरही खरा त्रास स्लशचा. वर साचलेल्या हिमाच्या वजनाने बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाखाली लपून राहतं. हिम पांघरुणासारखं असल्याने उणे ३० मध्येही ते गोठत नाही. वरून काहीच दिसत नाही. म्हणून थेट थांबायचं नाही. पॉवर ठेवून स्की टेकवत लांब सरळ रेघ ओढायची, पुन्हा उडायचं, वळून ती रेघ बघायची. करडी-काळी पडत असेल तर खाली पाणी आहे, दुसरीकडे जा. पांढरी राहिली तर त्याच रेघेत उतरायचं, आणि थांबायच्या आधी वळून नाक आपल्याच दाबलेल्या वाटेकडे करून ठेवायचं. थांबल्यावर स्कीखाली कोवळ्या झाडांचे दांडे सारायचे, नाहीतर स्की गोठून चिकटतात. स्लशमध्ये रुतलात तर रात्रीत ते काँक्रीट होतं, मग जॅक आणि कुऱ्हाड.

इंजिन: संध्याकाळी बंद केल्यावर लगेच पांघरूण, बॅटरी काढून घरात. सकाळी इंजिनावर तंबू टाकून हीटरची गरम हवा तासभर तरी सोडायची, सिलिंडरांबरोबर ऑइलच्या टाकीलाही. ज्वाळेचा हीटर लावून चहाला जायचं नाही, विमानं अशीच जळतात. ऑइलच्या ब्रीदर नळीचं (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तोंड रोज तपासा. त्यातली वाफ गोठून नळी बंद झाली की क्रँककेसमध्ये दाब वाढतो, पुढचं सील बाहेर पडतं आणि ऑइल उड्डाणात निघून जातं. पंखांवरचं गोठलेलं दव जाड दोर करवतीसारखा ओढून काढतात, मग ब्रश. पातळ थर आहे, चालेल, असं नसतं.

उंची दाखवणारा अल्टिमीटरही थंडीत खोटं बोलतो. जमिनीवर उणे ४० असताना १,००० फूट दाखवत असेल तर तुम्ही त्याहून सुमारे २४० फूट खाली आहात. आणि पुढे नुनावुत या अतिउत्तरेच्या प्रदेशाकडे काम मिळालं तर होकायंत्रावर विसंबता येत नाही. चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने नॉर्दर्न डोमेस्टिक एअरस्पेस या उत्तर कॅनडाच्या हवाई क्षेत्रात दिशा खऱ्या उत्तरेवरून धरतात.

सांगलीकर_विनिपेग

सगळ्यांचे आभार. बेसला पगाराचं आणि गेल्या हंगामाचं विचारून घेतो. जाण्याआधी करण्यासारखं आणखी काही?

वाऱ्याकडे_पाठ

पाण्याखाली बुडालेल्या विमानातून बाहेर पडायचं प्रशिक्षण. २०१९ च्या नियमांनी ते धंद्यातल्या सीप्लेन पायलटांना बंधनकारक केलं आहे, आणि छोट्या विमानांतल्या उतारूंना तरंगणारं जॅकेट अंगात घालणंही. धक्क्यावर असतानाच करून टाका, कारण उतारूंना सूचना देणं बहुतेक तुमच्याकडेच येईल. तेव्हा दाराची कडी नुसती दाखवू नका, प्रत्येकाला हाताने उघडायला लावा, मग डोळे मिटून पुन्हा. आणि फुगणारं जॅकेट विमानात असताना फुगवायचं नाही, हे दोनदा सांगा. आत पाणी भरलं की फुगलेला माणूस वर ढकलला जातो आणि दारापर्यंत खाली जाऊच शकत नाही.