मदत हवी आहे: महापुरावर शोधनिबंध, सर म्हणतात सगळे तर्कदोष

नमस्कार मंडळी. सांगलीत एम.ए. भूगोल करतोय, शोधनिबंधाचा विषय २०१९चा महापूर. प्रस्तावना दाखवली तर मार्गदर्शक सरांनी जागोजागी लाल पेनाने 'तर्कदोष' लिहून कागद परत दिले. वर 'हे भाषण झालं, निबंध कुठाय?' नेमकं काय चुकलं विचारलं तर 'तूच शोध'. सरांनी खुणा केलेली वाक्यं अशी (अलमट्टी म्हणजे कृष्णेवर सांगलीच्या खाली, कर्नाटकातलं धरण; कोयना धरण वरच्या बाजूला; फुगवटा म्हणजे धरणामुळं मागं तुंबत येणारं पाणी):

"अलमट्टीत पाणी अडवायला लागल्यानंतरच २००५, २०१९ आणि २०२१ला सांगली बुडाली, म्हणजे पुराला अलमट्टीच जबाबदार आहे."

"एकतर अलमट्टीचा फुगवटा मान्य करा, नाहीतर कोयनेच्या विसर्गाला दोष द्या."

"पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, पण सरकारी समितीकडून दुसरी काय अपेक्षा?"

पहिल्यात काय चूक आहे? गावभागात, हरिपुरात कुणालाही विचारा, हेच सांगतील. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट, २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आणि सुरुवात कुठून करू? वाचन ढीगभर झालंय, पण पान काही पुढं सरकत नाही.

प्रतिसाद १

सर बरोबर आहेत, नीट समजावलं असतं तर बरं झालं असतं एवढंच.

पहिलं वाक्य म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. त्याच काळात पूररेषेत बांधकामं झाली, नाले बुजले, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये कोयना, वारणा, पंचगंगा तिन्ही खोऱ्यांत एकदमच पाऊस कोसळला. शिवाय तुम्ही फक्त पुराची वर्षं घेतलीत. ऑगस्टात अलमट्टीत भरपूर पाणी होतं आणि तरी सांगली कोरडी राहिली, ती वर्षं कुठायत? (म्हणून लगेच 'अलमट्टी निर्दोष' लिहू नका हं. दावा सिद्ध झाला नाही म्हणजे खोटा ठरला असं नव्हे.)

दुसऱ्यात दोनच पर्याय का? शहराखाली हरिपूरला वारणा मिळते, पुढं नरसोबावाडीला पंचगंगा, त्याच्याही खाली, अलमट्टीच्या आधी, हिप्परगीचा बंधारा. हे सगळं गेलं कुठं?

तिसरं तर स्वतःच्याच पायावर धोंडा. समिती महाराष्ट्र सरकारनेच नेमली होती. कर्नाटकाला सोयीचा निष्कर्ष ती मुद्दाम कशाला काढेल? अहवालातली आकडेवारी खोडा, माणसं नकोत. आणि उलट बाजूने नुसतं 'समिती म्हणते' एवढ्यावरही भागणार नाही.

आता सुरुवात. प्रस्तावना बाजूला ठेवा, ती शेवटी लिहायची असते. आधी प्रश्न असा बांधा की उत्तर 'नाही' येऊ शकेल: ऑगस्ट २०१९च्या पहिल्या पंधरवड्यात अलमट्टी आणि आयर्विनच्या पातळीचा संबंध दिसतो का? मग एकच तक्ता करा. तारीख, पाऊस, कोयनेचा विसर्ग, आयर्विन, नरसोबावाडी, हिप्परगी, अलमट्टी. फुगवटा खालून वर चढतो, तेव्हा कारण अलमट्टी असेल तर हिप्परगीला वाढ आधी दिसायला हवी आणि सांगलीला नंतर. उलटं दिसलं तर पाणी वरून आलंय. एक सांभाळा: आयर्विनचे फूट स्थानिक मोजपट्टीचे, अलमट्टीची ५१९.६० मीटर ही पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासूनची. दोन्ही एका आलेखात तशीच टाकलीत तर सर पुन्हा लाल पेन काढतील.

धागाकर्ता

तक्त्याचं पटलं. हिप्परगी माझ्या डोक्यातच नव्हतं. पण आमच्या गल्लीतल्या लोकांच्या मुलाखती घेतल्यात, त्या फेकून देऊ?

प्रतिसाद २

फेकू नकोस रे. पाणी किती वाजता उंबऱ्याला लागलं, भिंतीवर खूण कुठपर्यंत आहे, हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. ते पुराव्यात घे. 'अलमट्टीमुळंच' हे त्यांचं मत मात्र मत म्हणूनच लिही. आणि विश्रामबागेतल्या, पाणी न आलेल्या चार घरांतही जाऊन ये.