एकांकिका: मासळीच्या वासावरून चिडवलेला पोरगाच खुनी निघावा का?

खाडीकाठचा (देवगड):
मंडळासाठी रहस्य एकांकिका लिहितोय. रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा मुलगा, नववीतला. वर्गात शिरला की मागच्या बाकावरून "बांगडो इलो, नाक धरा रे!" डबा उघडला की टोळकं खिडकीशी जाऊन ओकाऱ्या काढल्याचं नाटक करतं. टोळक्याचा म्होरक्या बागायतदाराचा मुलगा. ऐन जुलैत तो खाडीत मेलेला सापडतो. शेवटी बेड्या घातलेला रापणकराचा पोर पहिल्यांदाच तोंड उघडतो. तालमीत अंगावर काटा येतो हो! पण दिग्दर्शक म्हणतो, चिडवू नका हे सांगायचं आणि चिडवलेल्यालाच खुनी करायचं, हे कसं?

माजी हवालदार:
आधी त्या बेड्या काढा. चौदा-पंधराच्या पोराला बेडी नाही, लॉकअप नाही, बोलायला येणारा अधिकारीही साध्या कपड्यांत. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. 2015 च्या बाल न्याय कायद्याने मोठ्यांसारखा खटला चालू शकतो तो सोळा पूर्ण झालेल्यावर, तोही खुनासारख्या गुन्ह्यात आणि मंडळाने तपासून ठरवल्यावर.
दुसरं, प्रेत खाडीत मिळालं म्हणून तो खाडीतच बुडाला असं नसतं. बुडताना डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ पाण्याबरोबर आत जातं, हाडाच्या मगजापर्यंत पोचतं. विहिरीतलं वेगळं, खाऱ्या पाण्यातलं वेगळं. दरवेळी सापडतंच असं नाही, पण नाटकाला पुरे.

बाई, मराठी-इतिहास:
दिग्दर्शकाशी सहमत. असली पोरं सुरा नाही घेत. आधी डब्यातली मासळी बंद होते, मग डबाच. मग दर शनिवारी पोटात दुखतं, कारण शनिवारी कवायत आणि वर्गावर कोणी नसतं. हे सगळं हजेरीपटात दिसतं, आम्ही बघत नाही ती गोष्ट वेगळी. तुमच्या नाटकात एकही शिक्षक नाही, सोयीचं आहे!
माझं ऐका. तो पोरगा शाळेत यायचा बंद होतो. टोळक्याला कोणीतरी लागतंच, म्हणून ते म्होरक्यावरच उलटतात. "पोहता येत नाय तुका!" करत बागेतल्या विहिरीत उतरवतात. तो बुडतो. घाबरून रात्री प्रेत खाडीत सोडतात, कारण संशय कोणावर जाईल ते त्यांना पक्कं माहीत असतं.

खाडीकाठचा:
बाई, दंडवत! दुसरा प्रवेश आज रात्रीच फाडतो. पण प्रेत खाडीपर्यंत नेणार कसं? लाँच दाखवू?

माजी हवालदार:
जुलैत लाँच? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, सगळ्या वर ओढलेल्या. वल्ह्याची होडी घ्या. आणि पंचनाम्याला दोन पंच लागतात, ते गावातलेच. त्यातला एक रापणकर, पोराचा बाप. भरती-ओहोटी त्याच्याइतकी कोणाला कळते? प्रेत वाहत आलेलं नाही, हे तोच पहिल्यांदा बोलेल. फक्त त्याचं ऐकायचं की नाही, ते फौजदाराचं पात्र कसं लिहिता त्यावर.